चूक कोणाची, हा वाद 1923 मध्येच मिटला होता

आमच्या वस्तीतल्या एका पोराच्या उजव्या हाताची चारही बोटं 2024 च्या पावसाळ्यात पॉवर प्रेसखाली गेली. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतलं सात माणसांचं शेड, एका मोठ्या कंपनीसाठी पत्र्याचे ब्रॅकेट ठोकून देणारं. पोराचं वय 24, पगार 14,000. मालकाने त्याला स्वतःच्या गाडीत घालून धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं, बिल भरलं, तीन महिने घरी पगार पोचवला. हे सगळं खरं आहे आणि सांगितलंच पाहिजे. चौथ्या महिन्यात घरच्यांनी कामगार न्यायालयात भरपाईचा अर्ज टाकला आणि तेव्हापासून वस्तीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, "पोट्ट्याचं ध्यान मोबाईलमध्ये होतं. मालकानं देवासारखं केलं अन् हे त्याच्याच नरड्यावर बसून राहिले." दुसरा तट म्हणतो, मालकाने सेन्सर काढून ठेवला होता, त्याला आत टाका, मग बोला. मांडवात, पंगतीत, पानठेल्यावर गेलं वर्षभर हेच चाललंय.

दोन्ही तट तावातावाने भांडतात, पण प्रश्न दोघांचा एकच: चूक कोणाची? माझं म्हणणं आधीच सांगतो. भरपाईपुरता हा प्रश्न गैरलागू आहे. तो विचारायचा नाही असं ठरवूनच 1923 चा कामगार भरपाई कायदा जन्माला आला, आणि त्या ठरावाची किंमत कामगाराने आधीच मोजलेली आहे. मी काही तटस्थ माणूस नाही. 23 वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली, अपघाताची नोंदवही माझ्या टेबलावर असे. त्या टेबलावर मी काय लिहायचो आणि काय लिहायचो नाही, त्याकडे शेवटी येतो.

आधी जुनी गोष्ट. 1837 मध्ये इंग्लंडात एका खाटकाचा नोकर मालकाच्या गाडीवरून माल पोचवायला निघाला. गाडीत प्रमाणाबाहेर माल भरला होता, ती मोडली, नोकराची मांडी मोडली. कोर्टाने त्याला भरपाई नाकारली आणि त्या निकालातून पुढे एक तत्त्वच वाढीला लागलं: सोबतच्या कामगाराच्या चुकीला मालक जबाबदार नाही. त्याला दोन शेपट्याही जोडलेल्या असत. धोका ठाऊक असून काम पत्करलंस, म्हणजे तुझी संमती होती. आणि तुझा स्वतःचा थोडा जरी हलगर्जीपणा असला तरी काही मिळणार नाही. वस्तीतला पहिला तट आज जे बोलतो ते अक्षरशः याच तीन वाक्यांत बसतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज गिरणीमालकाचा युक्तिवाद आपण पानठेल्यावर उभे राहून करतोय आणि आपल्याला वाटतंय की आपण व्यवहाराचं बोलतोय.

या युक्तिवादाला जगाने कसं उत्तर दिलं? 1884 मध्ये जर्मनीत चान्सलर बिस्मार्कने चूक न विचारता भरपाई देणारा अपघात विम्याचा कायदा केला. बिस्मार्क काही कामगारांचा कैवारी नव्हता. त्याच साली, सप्टेंबरात, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचा अर्ज तयार केला. रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्याला पाठ आहे, 1890 मध्ये ती मिळालीही. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती: कामावर दुखापत झाल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचं अपंगत्व आल्यास उदरनिर्वाहाची सोय व्हावी. शब्द नीट पाहा. मालकाची चूक असेल तर, अशी अट लोखंडे यांनी घातलेली नाही. सुट्टीची मागणी लक्षात राहिली, ही विसरली गेली. सुट्टी सगळ्यांनाच हवी असते, म्हणून असेल.

नागपूरकरांनी तर हे विसरायलाच नको होतं. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे 1886 मध्ये पेन्शन फंड आला आणि 1895 मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. ब्रिटनचा कायदा 1897 चा, हिंदुस्थानचा 1923 चा. म्हणजे सरकारला जे सुचायला आणखी 28 वर्षं लागली, ते या गावात एका गिरणीच्या हिशेबात आधीच बसलेलं होतं. तो हिशेब फार अवघड नसावा. कापडाच्या भावात कोळसा धरता, तेल धरता, यंत्राचा घसारा धरता. मग त्या कापडापायी गेलेला हात कोणाच्या खात्यावर टाकायचा? त्या जागेवर आज एम्प्रेस सिटी मॉल उभा आहे. सरकत्या जिन्यावर कोणाला 1895 आठवत नाही, आणि आठवावं अशी अपेक्षाही नाही. पण भरपाई म्हणजे कुणा बाहेरच्या युनियनवाल्याने आणलेलं खूळ, असं निदान नागपुरात तरी कोणी म्हणू नये.

1923 चा कायदा म्हणजे एक सौदा होता. कामगाराने चूक सिद्ध करायची कटकट सोडली, त्यासोबत पुरेपूर भरपाईही सोडली. वेदनेचे पैसे नाहीत, मोडलेल्या लग्नाचे नाहीत, वीस वर्षांनी जो मिस्त्री झाला असता त्याचे नाहीत. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे ठरलेली, मर्यादित रक्कम. बदल्यात त्याला दोन गोष्टी मिळायच्या होत्या: खात्री आणि वेग. मालकालाही मिळालं: ही वाट धरणाऱ्या कामगारापुरती अमर्याद दाव्याची टांगती तलवार गेली. काम करत असताना आणि कामामुळे अपघात झाला का, एवढंच विचारायचं. म्हणून आज कोणी "पण चूक कोणाची" असं म्हणतो तेव्हा तो सौद्यातली एक बाजू मोडतो आणि दुसरी शाबूत ठेवतो. चुकीचाच हिशेब काढायचा असेल तर खुशाल काढा, पण मग तक्ताही बाजूला ठेवा, वेदना मोजा, भविष्य मोजा, मर्यादा काढून टाका. आहे तयारी?

आता विरोधी बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं. कामगार खरंच निष्काळजी असतो की नाही? असतो. मी डोळ्यांनी पाहिलंय. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावी लागतात, म्हणजे ठोका पडताना दोन्ही हात बाहेर राहतात. आमचे ऑपरेटर एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवत आणि मोकळ्या हाताने माल सरकवत. कोणी सांगितलं नव्हतं, स्वतःच करत. कायद्यालाही हे ठाऊक आहे. दारूच्या अंमलाखाली असेल, जाणूनबुजून नियम मोडला असेल, सुरक्षेची वस्तू मुद्दाम काढली असेल, तर मालकाला सुटका मागता येते. त्यामुळे चुकीचा प्रश्न शंभर टक्के बंद झाला असं मी म्हणत नाही. पण ती फट किती अरुंद ठेवली आहे ते पाहा. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ही सबब चालतच नाही. आणि बाकी वेळीही शब्द "मुद्दाम" हा आहे. थकवा, डुलकी, लक्ष उडणं म्हणजे मुद्दाम नव्हे.

शिवाय ती चिकटपट्टी का लागते, हे विचारायला नको? दोन्ही हातांनी चालवलं तर टार्गेट पुरं होत नाही, म्हणून. सुपरवायझर दिवसातून चार वेळा त्या मशीनसमोरून जातो, त्याला चिकटपट्टी दिसत नाही, संध्याकाळचा आकडा मात्र दिसतो. मिनिटाला दहाच ठोके धरा. बारा तासांत 7,200 ठोके होतात. 7,199 वेळा हात वेळेवर बाहेर आला त्याची नोंद कुठल्याच वहीत नसते; एकदा आला नाही की आपण म्हणतो, पोट्ट्याचं ध्यान नव्हतं. माणूस कधीच चुकणार नाही असं धरून जे काम आखलंय, त्या आखणीला आपण काय म्हणणार?

दुसऱ्या तटालाही दोन शब्द. मालकाला आत टाका ही मागणी गैर नाही. निष्काळजीपणाचा गुन्हा असेल तर तो चालावा. पण ती वेगळी वाट आहे. दोन्ही एकत्र बांधल्या की काय होतं ते मी पाहिलंय. पोलिसात तक्रार गेली की मालकाचा वकील पहिला सल्ला देतो: आता एक रुपयाही देऊ नका, दिला तर कबुली समजतील. सोबतच्या सहा कामगारांना साक्षीला उभं राहावं लागतं आणि त्यांना उद्या त्याच शेडमध्ये कामावर जायचं असतं. मालक खलनायक ठरायची वाट पाहत बसला तर पोराच्या हातात काय पडेल? भरपाईला खलनायक लागतच नाही.

छोट्या मालकाची बाजू मला खरोखर जड जाते. हा मालक काही सेठ नाही. पूर्वी स्वतःच कुठेतरी फिटर होता, बँकेचं कर्ज काढून दोन प्रेस टाकल्या. कंपनी त्याचं बिल तीन-तीन महिने अडकवते. नऊ-साडेनऊ लाखांचा दावा म्हणजे शटर खाली, आणि उरलेले सहा जण बेकार. हे खोटं नाही. पण याचं उत्तर पोराने दावा सोडावा हे कसं? मी त्या मालकाला भेटलो, माझ्या ओळखीचा आहे. विचारलं, विमा नव्हता का? म्हणाला, मशीनचा आहे ना, बँकेनेच करायला लावला. आणि माणसांचा? तो गप्प झाला. कामगार भरपाईची पॉलिसी विमा कंपन्यांकडे मिळते, हप्ता पगाराच्या रकमेवर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. लोखंडाच्या प्रेसचा विमा काढल्याशिवाय कर्ज मिळत नाही, तिच्यासमोर उभ्या माणसाचा काढल्याशिवाय मिळतं. मालकाचा कळवळा येत असेल तर ओरड इथे झाली पाहिजे.

आणि ती मोठी कंपनी? कायद्यात मुख्य मालकाची जबाबदारी आहे. ठेकेदाराचा माणूस जखमी झाला तरी काम कंपनीच्या धंद्याचंच असेल तर कंपनीकडून भरपाई मागता येते. फक्त अपघात कंपनीच्या आवारात किंवा तिच्या ताब्यातल्या जागेत झालेला हवा. प्रेसचं काम गेटच्या आतून उचलून गल्लीतल्या शेडमध्ये गेलं ते निव्वळ स्वस्त पडतं म्हणून गेलं, असं समजणारे भाबडे आहेत. ब्रॅकेट कंपनीचा, डाय कंपनीची, टार्गेट कंपनीचं; बोटं तेवढी शेडवाल्याची. "असे दावे लागले तर विदर्भात कोण उद्योग आणेल" म्हणणाऱ्यांसाठी एवढंच की हा कायदा देशभर एक आहे. चाकणला जाऊन बोट स्वस्त होत नाही.

आता लोभाचा आरोप. नऊ लाख हा आकडा ऐकून लोकांचे डोळे विस्फारले, तो येतो कुठून ते एकदा मांडू. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला महिन्याच्या पगाराच्या 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक. 24 व्या वर्षाचा गुणांक 218.47. 14,000 चे 60 टक्के 8,400, गुणाकार 18,35,148. एका हाताची चार बोटं म्हणजे तक्त्यानुसार कमाईची क्षमता 50 टक्के गेली. म्हणून 9,17,574. साठीपर्यंतची 36 वर्षं धरली तर महिन्याला 2,124 रुपये होतात. याला लॉटरी म्हणायचं? अंगठा गेला तर 30 टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर 14, मधलं बोट 12. आणि पगार कितीही असो, हिशेबाला 15,000 च्या वर धरत नाहीत. ही मर्यादा जानेवारी 2020 पर्यंत 8,000 होती. चाळीस हजार कमावणाऱ्या सीएनसी ऑपरेटरचा हातसुद्धा 15,000 चाच.

हेच पोर त्या सकाळी शेडमध्ये पोचण्याआधी हिंगणा रोडवर ट्रकखाली आलं असतं तर? मोटार अपघात न्यायाधिकरणाने त्याच्या वेदना मोजल्या असत्या, पुढे वाढणारा पगार मोजला असता, लग्नाच्या शक्यतेवर झालेला परिणामही मोजला असता, आणि पगाराला मर्यादा लावली नसती. तिथे सहसा ड्रायव्हरची चूक दाखवावी लागते हे कबूल. पण हाच तर तो सौदा. चूक दाखवायची नाही म्हणून कमी घ्यायचं. आमच्या वस्तीचा आग्रह असा की कमीही घ्यायचं आणि आपली चूक नव्हती हेही सिद्ध करायचं.

तक्त्याच्या पलीकडे पाहता येतं, हेही सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच दाखवलंय. ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कोपराजवळ कापावा लागला. मालकाचं म्हणणं, तक्त्याप्रमाणे हे पूर्ण अपंगत्व नाही. न्यायालयाने कामगार भरपाईचे दावे ठरवणाऱ्या आयुक्ताचा निर्णय कायम ठेवला: एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसापुरतं नुकसान शंभर टक्के. त्याच निकालात दुसरी गोष्ट आहे. भरपाई देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नव्हे. महिन्याभरात दिली नाही तर त्यावर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. म्हणजे "कोर्टात ठरू द्या, मग बघू" म्हणणारा मालक आपल्याच देण्यावर व्याज चढवत असतो.

एकरकमी पैसा पोरं उडवतात, हा आक्षेप मला मान्य आहे. नवी बाईक, बहिणीचं लग्न, मेव्हण्याला उसने. म्हणूनच मला ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, रीत जास्त पटते. तिचा पाया प्रा. बी. पी. आडारकर यांच्या 1944 च्या अहवालात आहे आणि डॉ. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. तिथे कायमच्या अपंगत्वाला दरमहा पैसे मिळतात, मरेपर्यंत. पण ती दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना आणि 21,000 पर्यंतच्या पगाराला. सात माणसांचं शेड तिच्या बाहेर. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, कामावर येता-जाताना झालेला अपघातही आता त्यात धरतात, हे चांगलंच झालं. या पोराला मात्र 1923 चाच कायदा लागू.

आपल्याला भरपाई आणि मदत यातला फरक कळेनासा झालाय, याला कारण आहे. 17 डिसेंबर 2023 ला बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण गेले, सरकारने प्रत्येकी पाच लाख जाहीर केले. द्यायलाच हवे होते. पण सतत जाहीर होणाऱ्या पैशाने आपली अशी समजूत झाली की जखमी माणसाला पैसे मिळतात ते कोणाच्या तरी मोठ्या मनामुळे. चार बोटांसाठी कोणी मंत्री येत नाही. सरकारी मेडिकल कॉलेजात अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी चकरा मारणारा माणूस बातमीत नसतो. मग त्याने मालकाच्या मनाच्या मोठेपणावर राहावं, आणि ते मन तीन महिन्यांनी थकलं तर त्याने आभार मानून गप्प बसावं, असा आपला न्याय.

मालकाचा शब्द किती टिकतो, हे मी सांगू शकतो. आमच्याकडे एका फिटरचा हात मनगटापासून गेला. साहेबांनी त्याला शब्द दिला, तुला गेटवर बसवतो, रिटायर होईपर्यंत काढणार नाही. साहेब शब्दाचे पक्के होते, हे मनापासून सांगतो. मी कागद तयार केला: दवाखान्याचा खर्च आणि पन्नास हजार मिळाले, याउपर माझी काहीही मागणी नाही व राहणार नाही. त्याचा उजवा अंगठा उरला नव्हता म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. साक्षीदार म्हणून खाली सही माझी. नऊ वर्षं तो गेटवर बसला, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर डाव्या हाताने लिहायला शिकला. मग कंपनी बंद पडली, साहेबही गेले, आणि दावा लावायची दोन वर्षांची मुदत केव्हाच संपली होती. उशीर माफ करायचा अधिकार आयुक्ताला असतो, पण सात वर्षांच्या उशिराला त्याने कोणतं कारण सांगायचं? शब्द दिला होता, हे?

भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार त्या कायद्याच्या कलम 17 प्रमाणे रद्दबातल असतो, आणि आपसातली तडजोड आयुक्तांकडे नोंदवल्याशिवाय पक्की होत नाही. मी तयार केलेला कागद पहिल्या दिवसापासून कचरा होता. कलम 17 मला ठाऊक होतं. साहेबांनाही होतं. अंगठा देणाऱ्याला तेवढं नव्हतं, आणि त्याला ते सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं.

तसाच एक कागद गेल्या वर्षी त्या पोराच्या बापासमोर ठेवला गेला. या वेळी आकडा दीड लाखाचा होता. तो माझ्याकडे घेऊन आला, म्हणाला, "भाऊ, जरा वाचून सांगा, यात काय लिवलं हाये." मी वाचून दाखवला.